तीनशे बारा खाजगी संभाषणं

"एक्केचाळीस," तक्तेताई म्हणाल्या. "शंभर लागतात."

"तुम्ही चहाची अट धरली नाहीत," बाई म्हणाल्या.

"ती कुठे छापलीय?"

"सगळीकडे."

"तुमच्या नावाने, बाई. तुमचा म्हणून पेपर कुठे आहे?"

खरं उत्तर 'कुठेच नाही' असं होतं आणि खोटं बोलायची बाईंना सवय नव्हती.

तक्तेताई संस्थेच्या नोंदणी कक्षात होत्या. त्यांचं खरं नाव पगारपत्रकाखेरीज कुठेच वापरात नव्हतं. जगातली कुठलीही गोष्ट त्या तक्त्यात बसवत, आणि जी बसत नसे ती मुळात नव्हतीच असं धरून चालत. बाई सैद्धांतिक भौतिकीच्या प्राध्यापक. चार महिन्यांनी त्या निवृत्त होणार होत्या. निवृत्तीनंतर पाच वर्षं खोली स्वतःकडे ठेवायची असेल, तर संस्थेच्या नव्या नियमाप्रमाणे एका तरी शोधनिबंधाचा इतरांनी शंभर वेळा संदर्भ दिलेला असायला हवा होता. बाईंना बाकी काही नको होतं. मानपत्र नको, निरोपसमारंभ तर नकोच. त्यांना खोली क्रमांक सतरा हवी होती, आणि त्या खोलीतसुद्धा खरं तर फक्त फळा. भिंतभर काळा फळा, सव्वीस वर्षं वापरून मऊ झालेला. पांढऱ्या बोर्डावर शाईने लिहायला लागलं की बाईंना काही सुचत नसे. कागदावर सुचे, पण चुकीचं.

चहाच्या अटीची हकिकत अशी होती. सव्वीस वर्षांपूर्वी एका परिषदेत, चहाच्या सुट्टीत, बाईंनी एका दाढीवाल्या भौतिकशास्त्रज्ञांना कागदी रुमालावर चार ओळी लिहून दाखवल्या होत्या. एका प्रकारच्या गणितात सगळ्यांचंच उत्तर अनंत येई. बाईंची अट पाळली की ते मुकाट्याने आटोक्यात येई. दाढीवाल्यांनी ती अट आपल्या पेपरात वापरली आणि प्रामाणिकपणे तळाशी बाईंचं नाव देऊन लिहिलं, 'खाजगी संभाषण'. तो पेपर वाचून दुसऱ्याने वापरली, त्यानेही तेच लिहिलं. असं होत होत तीनशे बारा पेपरांत बाईंचं खाजगी संभाषण छापून आलं. त्यांतल्या तीनशे लोकांशी तरी बाई जन्मात बोलल्या नव्हत्या.

"तीनशे बारा जण लिहून देतात की मी त्यांच्याशी बोलले," बाई म्हणाल्या. "त्याला काहीच अर्थ नाही?"

"अर्थ असेल हो, रकाना नाहीये. तुम्ही तेव्हाच छापलं का नाहीत?"

"विषम मितींचं राहिलं होतं."

"म्हणजे?"

"दोन, चार, सहा अशा मितींत अट सिद्ध होते. तीन, पाच, सातमध्ये एक पद उरतं. ते जात नाही."

"किती वर्षं झाली?"

"सव्वीस."

तक्तेताईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बाई, तुम्ही आहे तेवढं छापून टाका. एकदा पेपर छापला की त्याला क्रमांक मिळतो. मग मी यंत्राला सांगते, ही सगळी खाजगी संभाषणं या क्रमांकाला जोड. एक बटण आहे. तीनशे बाराच्या तीनशे बारा तुमच्या खात्यावर."

अर्धवट गोष्ट छापणं बाईंना तोंडात घास असताना बोलण्यासारखं वाटे. पण फळ्याचा प्रश्न होता.

घरी ही बातमी ऐकून बाईंपेक्षा त्यांचे यजमान जास्त घाबरले. ते बस डेपोच्या वेळापत्रक विभागातून निवृत्त झाले होते. मुलीचं लग्न झाल्यावर घरातली मागची खोली त्यांना मिळाली होती, आणि तिथे ते लोकांचे जुने रेडिओ उघडून बसत.

"खोली गेली तर तुझं सामान?" त्यांनी विचारलं.

"घरी येईल."

"खोकी किती?"

"चौतीस."

"आणि तो फळा?"

"काढून देतील का म्हणून विचारलंय."

यजमान उठले, टेप घेऊन मागच्या खोलीत गेले आणि थोड्या वेळाने परत आले. "अगं, भिंत आहे सात फूट. फळा किती?"

"नऊ."

"मग?"

"दार काढावं लागेल. आणि तुमचं टेबल."

"लिही," यजमान म्हणाले. "आजच बस. स्वयंपाकाचं मी बघतो."

"अहो, पण विषम मितींचं—"

"ते ठेव बाजूला. रविवारचं वेळापत्रक जमत नाही म्हणून आम्ही सोमवारच्या गाड्या कधी थांबवल्या नव्हत्या."

बाईंनी अकरा दिवसांत पेपर लिहिला. तेरा संदर्भ दिले. ज्या नियतकालिकाकडे तो पाठवला तिथे लेखकाचं नाव परीक्षकाला कळत नसे आणि परीक्षकाचं लेखकाला. नियमच होता, की लेखक कोण हे ओळखू येईल असं पेपरात काहीही नको. बाई नियम पाळणाऱ्या. आपल्या तीनशे बारा संभाषणांचा त्यांनी एका अक्षराने उल्लेख केला नाही. शेवटी 'विषम मितींचा विचार पुढे करू' हे वाक्य लिहिताना मात्र त्यांना दोनदा पाणी प्यावं लागलं.

सात आठवड्यांनी परीक्षकाचा अभिप्राय आला.

'या पेपरातला निष्कर्ष बरोबर आहे आणि चोरलेला आहे. सव्वीस वर्षांपूर्वी मूळ संशोधिकेने तो स्वतः मला सांगितला, तेव्हा आम्ही चहा घेत होतो. तिचं नावही न घेता कोणी महाभाग तिची अट स्वतःची म्हणून खपवू पाहतो आहे. शिवाय तिची मूळ मांडणी याहून कितीतरी सुरेख होती.'

चोरीच्या आरोपाचं बाईंना विशेष वाटलं नाही. शेवटचं वाक्य लागलं.

त्यांनी संपादकांना लगेच कळवलं, की मूळ संशोधिका मीच आहे. संपादकांचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. परीक्षण चालू असताना लेखकाने आपली ओळख सांगणं नियमाविरुद्ध होतं. शिवाय, आरोप झाल्यावर 'तो मीच' असं सांगणारे लेखक त्यांनी याआधीही पाहिले होते. सबब, चोरीचं प्रकरण लेखकाच्या संस्थेतल्या सचोटी समितीकडे चौकशीसाठी पाठवण्यात येत होतं.

सचोटी समितीच्या निमंत्रक बाईच होत्या. लिफाफा खोली क्रमांक सतरामध्येच आला. बाईंनी तो फोडला, वाचला, आवक रजिस्टरात नोंदवला आणि संचालकांकडे नेऊन दिला.

संचालकांनी पत्र दोनदा वाचलं आणि तक्तेताईंना बोलावून घेतलं.

"बाई, तुम्हाला या चौकशीत समितीवर बसता येणार नाही," संचालक म्हणाले. "तुम्ही आरोपी आहात."

"ठीक आहे."

"आणि ज्यांची चोरी झाली त्याही तुम्हीच आहात, म्हणून त्या कारणानेही बसता येणार नाही."

"एकाच कारणाने उठले होते मी. दुसऱ्याची गरज नव्हती."

"पण सर, हे यंत्रात चढतच नाही," तक्तेताई काकुळतीला आल्या होत्या. "आरोपीचा कर्मचारी क्रमांक टाकला, घेतला. पीडिताच्या रकान्यात तोच टाकला की सगळा तक्ता लाल होतो. दोन वेगळी माणसं हवीत."

"दोन कुठून आणू?" बाई म्हणाल्या.

संचालक समजुतीच्या सुरात म्हणाले, "हे बघा, वाढवू नका. पीडित म्हणून तुम्ही लिहून द्या की माझी काही तक्रार नाही. आणि आरोपी म्हणून एक माफीनामा द्या."

"कोणाची माफी मागायची?"

"पीडितेची."

"मी माझी माफी मागू?"

"मनापासून मागायची गरज नाही. दोन प्रतींत मात्र हवी."

एकतीस वर्षांच्या नोकरीत बाईंनी कुणावर आवाज चढवला नव्हता, तो आताही चढवला नाही. "परीक्षक कोण आहे ते मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "मी त्यांच्याशीच बोलते."

"अहो, परीक्षकाशी बोलायचं नसतं!"

"सव्वीस वर्षांपूर्वी बोलले तेव्हा चाललं होतं. तेच पुढे चालू करते."

दाढीवाल्यांचा आवाज फोनवर अजून तसाच घुमत होता. "बाई! बरं झालं तुम्हीच फोन केलात. अहो, कोणी तरी भामटा तुमची अट ढापून—"

"तो मीच."

"तुम्ही? पण ती मांडणी..."

"घाईत लिहिलीय."

"नाही नाही, तशी चांगली आहे. म्हणजे ओघवती आहे."

"तुम्ही तसं लिहिलेलं नाही."

"बाई, मला मेल्याहून मेल्यासारखं झालंय. थांबा, माझ्याकडे तो रुमाल अजून आहे! काचेत घालून भिंतीवर लावलाय. त्याचा फोटो पाठवतो, तुम्हालाही आणि संपादकांनाही. तुमचं अक्षर आहे, तारीख आहे, यापरता पुरावा कुठला?"

फोटो आला तेव्हा बाई आणि यजमान स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले होते. रुमालाच्या कोपऱ्यात कपाचा गोल डाग होता. बाईंचं बारीक, सरळ अक्षर होतं. इकडून तिकडे आणि तिकडून इकडे जाणारे बाण होते. आणि त्या सगळ्याच्या आधी, टपोऱ्या तिरक्या अक्षरात, एक छेद दोन असा अपूर्णांक होता. तो हिरव्या शाईत होता.

"हे माझं अक्षर नाही," बाई म्हणाल्या.

यजमानांनी फोन हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला. "माझं आहे."

"तुमचं?"

"डेपोत वेळापत्रकातली दुरुस्ती हिरव्या पेनानेच करायची असायची. खिशाला असायचं ते." ते आठवत राहिले. "अगं हो, मी आलो नव्हतो का तुझ्याबरोबर, रजा टाकून? बिस्किटं बरी होती. तू त्या दाढीवाल्यांना बाण काढून दाखवत होतीस, याचा त्याच्यावर परिणाम, त्याचा याच्यावर परिणाम. मी म्हटलं, जाणारी गाडी आणि येणारी गाडी एकच असते, तू दोन धरल्यास. निम्मं कर."

"मग मी काय म्हटलं?"

"तू म्हणालीस, 'बरं, लिहा.' मी लिहिलं. तेवढ्यात चहा संपला."

बाई खुर्चीत मागे टेकल्या. तो अपूर्णांक नसेल तर अट म्हणजे नुसत्या चार ओळी होत्या. त्याच्यामुळेच दोन अनंत एकमेकांना खाऊन टाकत. सव्वीस वर्षं त्यांची समजूत होती, की तो आपोआप निघतो.

"जाऊ दे गं," यजमान म्हणाले. "फोटोतला तेवढा भाग काप आणि दे पाठवून."

बाईंनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की ते उठून कुकर लावायला गेले.

त्याच दिवशी बाईंनी पेपरात भर घातली: 'संदर्भ १४. अटीतील गुणक: खाजगी संभाषण,' आणि पुढे यजमानांचं पूर्ण नाव, 'वेळापत्रक विभाग (निवृत्त)'. सचोटी समितीलाही त्यांनी पत्र लिहिलं, की मी दुसऱ्याची कल्पना श्रेय न देता वापरली हे खरं आहे, फक्त ती माझी नसून माझ्या यजमानांची आहे.

तक्तेताईंना आनंदाने काय करू नि काय नको असं झालं. "दुसरा माणूस मिळाला! यांचा कर्मचारी क्रमांक?"

"ते डेपोत होते. इथले नाहीत."

"असू दे, मी पाहुणा म्हणून चढवते. पाहुणा क्रमांक नऊ. बघा बघा, हिरवा झाला तक्ता!"

पाहुणा क्रमांक नऊ सहीसाठी संस्थेत आले. 'माझी काही तक्रार नाही' असा छापील मजकूर त्यांनी दोनदा वाचला आणि विचारलं, "तक्रार असली तर काय होतं?"

"चौकशी होते," संचालक म्हणाले. "वर्षभर."

"आणि ही घरी असते का तेवढे दिवस?"

"निवृत्तच होतायत त्या. घरीच असतील."

यजमानांनी लगेच सही केली. पाठोपाठ बाईंनी माफीनामा लिहून दिला, दोन प्रतींत. एक समितीच्या फाइलला लागली. दुसरी यजमानांनी घरी नेऊन रेडिओच्या टेबलावर काचेखाली ठेवली. पस्तीस वर्षांच्या संसारात हातात आलेला हा पहिला लेखी माफीनामा होता, आणि तो ते येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत. "सहीचा आहे," असंही सांगत.

शरमलेल्या संपादकांनी पेपर पुढच्याच अंकात छापला. बाईंच्या निवृत्तीला नऊ दिवस उरले होते. तक्तेताईंनी बटण दाबलं. बाईंचा जीव भांड्यात पडला.

शेवटच्या दिवशी दुपारी खोलीवाटपाचं पत्र आलं. बाईंनी ते उभ्याउभ्याच उघडलं. खोली क्रमांक सतरा, पाच वर्षांसाठी, फळ्यासह, पाहुणा क्रमांक नऊ यांना देण्यात आली होती.

"तक्तेताई, हे काय आहे?"

तक्तेताईंनी यंत्रात पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि परत यंत्रात पाहिलं. "अगं बाई. मी त्याला सांगितलं, सगळी खाजगी संभाषणं या पेपरला जोड. त्याने तुमचा पेपर उघडला. आत 'खाजगी संभाषण' कुठे आहे ते शोधलं. चौदाव्या संदर्भात सापडलं. तिथे जोडली."

"किती?"

"तीनशे बाराच्या तीनशे बारा. संस्थेत सगळ्यात जास्त आता त्यांचीच आहेत. संचालकांपेक्षा शंभराने पुढे."

"आणि माझी?"

"एक्केचाळीस."

"उलटं करा."

"उलटं करायचं बटण नाहीये हो. ज्यांच्या नावावर आहेत त्यांनी अर्ज करायचा. मग तीन महिने."

"आणि तोवर खोली?"

"त्यांची." तक्तेताईंनी नियमावली चाळली आणि त्यांचा चेहरा उजळला. "पण तुमचं काही अडत नाही बाई! कलम सहा. पाहुण्याला सोबत एक मदतनीस आणता येतो."

निवृत्तीनंतरच्या पहिल्या सोमवारी बाई मदतनिसाचं ओळखपत्र गळ्यात घालून खोली क्रमांक सतरामध्ये शिरल्या. यजमान आधीच आले होते. एकतीस वर्षं बाई ज्या टेबलाशी बसल्या, त्यावर वर्तमानपत्र अंथरलेलं होतं आणि त्यावर एका रेडिओची आतडी पसरलेली होती.

"अहो, अर्ज केलात का?"

"करतो गं. आज हा उघडलाय. इथे उजेड काय सुंदर येतो!"

मंगळवारी बाईंनी परत विचारलं. मंगळवारी सोल्डरिंगचं काम होतं. बुधवारी संचालक येऊन यजमानांना भेटून गेले, संस्थेच्या वार्षिक अहवालात त्यांचं छायाचित्र हवं होतं. गुरुवारी संचालकांच्या आईचा रेडिओ आला. शुक्रवारी बाईंनी विचारलंच नाही. दात आवळून त्या फळ्याकडे वळल्या, खडू घेतला आणि राग काढायला दुसरं काहीच हाताशी नसल्यामुळे विषम मितींचं गणित पहिल्यापासून मांडायला घेतलं. इकडून तिकडे बाण, तिकडून इकडे बाण. सगळ्यांना निम्मं केलं. दीड तासाने खाली उजव्या कोपऱ्यात तेच पद उरलं, जे सव्वीस वर्षं उरत होतं.

"अगं," मागून आवाज आला.

"काय?" बाई वळल्या नाहीत.

"ती मधली गाडी मुक्कामी आहे का?"

"कुठली गाडी?"

"ती मधली. बाकी सगळ्यांना जायचा बाण आहे नि यायचा बाण आहे. तिला एकच आहे. म्हणजे ती परत येत नाही, तिथेच मुक्काम करते." यजमानांनी पेचकसाने लांबूनच दाखवलं. "तिला निम्मी कशाला केलीस? दोनदा मोजलेलीच नाही ती."

बाईंनी मधल्या ओळीकडे पाहिलं. मितींची संख्या विषम असली की मध्ये एक एकटंच राहतं, हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यांनी हाताच्या तळव्याने तिथला अपूर्णांक पुसला. मग एकेक ओळ खाली आणत गेल्या. उजव्या कोपऱ्यात पोचल्यावर थांबल्या, परत वर गेल्या, परत खाली आल्या. उरलेलं पद गेलं होतं.

बाईंनी खडू खाली ठेवला आणि हात पदराला पुसले.

"अहो," शेवटी बाई म्हणाल्या, "त्या अर्जाची एवढी काही घाई नाही."

यजमानांनी एक स्क्रू उजेडात धरून निरखला.

"माफीनामा दोन प्रतींत ना?" त्यांनी विचारलं.